हरलेल्या बाजूचा भाष्यकार

मार्च १९६४. गोरखपूरच्या केशव सिंग नावाच्या एका माणसाने आमदाराविरुद्ध पत्रक छापले, म्हणून उत्तर प्रदेश विधानसभेने त्याला हक्कभंगाबद्दल सभागृहात उभे करून समज दिली. समज ऐकताना तो अध्यक्षांकडे पाठ करून उभा राहिला. वर त्याने अध्यक्षांना जे पत्र लिहिले, त्यात सभागृहाच्या फर्मानाला नादिरशाहीची उपमा होती. सभागृहाने त्याला सात दिवसांसाठी तुरुंगात पाठवले. बी. सॉलोमन या वकिलाने त्याच्या सुटकेसाठी अलाहाबाद उच्च न्यायालयाच्या लखनौ खंडपीठाकडे अर्ज केला आणि न्या. बेग व न्या. सहगल यांनी जामीन दिला. दोन दिवसांनी विधानसभेने ठराव केला, की हे दोन न्यायमूर्ती, तो वकील आणि केशव सिंग यांना ताब्यात घेऊन सभागृहापुढे हजर करावे. न्यायमूर्तींना अटक करण्याचा हा ठराव! २३ मार्चला अलाहाबाद उच्च न्यायालयाचे अठ्ठावीस न्यायमूर्ती एकत्र बसले आणि त्यांनी ठरावाच्या अंमलबजावणीला स्थगिती दिली. तीन दिवसांत राष्ट्रपतींनी हा पेच सर्वोच्च न्यायालयाच्या सल्ल्यासाठी पाठवला.

सात न्यायमूर्तींचे पीठ बसले. अध्यक्षस्थानी साताऱ्याचे, मुंबई उच्च न्यायालयातून वर गेलेले सरन्यायाधीश प्रल्हाद बाळाचार्य गजेंद्रगडकर. विधानसभेची बाजू मांडायला मुंबईहून महाराष्ट्राचे महाधिवक्ता होरमसजी माणेकजी सीरवाई आले होते. उभे राहताच त्यांनी सांगितले, की या वादाच्या विषयापुरते सभागृह या न्यायालयाचे अधिकारक्षेत्र मानत नाही. देशातल्या सर्वोच्च न्यायालयाला हे तोंडावर ऐकवायचे आणि मग त्याच न्यायालयाला अनेक दिवस आपला युक्तिवाद ऐकायला लावायचा, हे दोन्ही सीरवाईंनी केले. राज्यघटना अमलात आली तेव्हा इंग्लंडच्या हाउस ऑफ कॉमन्सला जे विशेषाधिकार होते, तेच अनुच्छेद १९४ ने आपल्या विधानसभांना दिले आहेत. तेव्हा सभागृहाने काढलेल्या अटकेच्या वॉरंटात कारण लिहिलेले नसेल, तर न्यायालयाने त्याची चौकशी करू नये, असे त्यांचे म्हणणे होते. समोर न्यायमूर्तींच्या बाजूने मोतीलाल सेटलवाड होते.

३० सप्टेंबर १९६४ रोजी सहा विरुद्ध एक अशा मताने विधानसभा हरली. एकटे न्या. सरकार बव्हंशी सभागृहाच्या बाजूने राहिले. केशव सिंगचा मूळ अर्ज पुढच्या वर्षी उच्च न्यायालयाने गुणवत्तेवर फेटाळला आणि उरलेली शिक्षा त्याला भोगावी लागली, पण तोवर देशाचे लक्ष त्याच्यावरून उडाले होते. सीरवाईंच्या लेखी मात्र प्रकरण मिटले नव्हते. सर्वोच्च न्यायालयाचे हे मत का टिकत नाही, याचा सविस्तर ऊहापोह त्यांनी पुढे आपल्या ग्रंथात केला. न्यायालयातली हार त्यांच्या दृष्टीने अर्धीच सुनावणी असे. उरलेली अर्धी ते छापील पानांवर घेत. त्या पानांवरच्या सुनावणीने त्यांना एकदा कुठे नेऊन पोहोचवले, ते मला सांगायचे आहे.

सीरवाईंचा जन्म ५ डिसेंबर १९०६ चा, मुंबईतल्या पारशी कुटुंबातला. एल्फिन्स्टन कॉलेजात त्यांनी तत्त्वज्ञान घेतले आणि मग गव्हर्न्मेंट लॉ कॉलेजातून कायदा. उच्च न्यायालयात ते सर जमशेदजी कांगा यांच्या चेंबरमध्ये दाखल झाले. या चेंबरचा लौकिक मोठा. कांगा स्वतः मुंबई इलाख्याचे महाधिवक्ता राहिलेले. त्यांच्या हाताखाली तयार झालेल्या माणसांत सीरवाई आहेत, त्यांच्याहून तेरा वर्षांनी लहान असलेले नानी पालखीवाला आहेत, पुढच्या पिढीतले फली नरिमन आणि सोली सोराबजी आहेत. स्वतंत्र भारताच्या घटनाविषयक वादांतली निम्मी भांडणे या एका चेंबरमधल्या माणसांनी एकमेकांशी केली, असे म्हटले तर फारशी अतिशयोक्ती होणार नाही.

मुंबईच्या वकिलीला विद्वत्तेचीही एक जुनी परंपरा आहे आणि सीरवाईंना त्या ओळीत पाहिले पाहिजे. सर दिनशा मुल्लांनी हिंदू कायद्यावर आणि मुस्लिम कायद्यावर लिहिलेली पुस्तके आजही न्यायालयात उघडली जातात. महामहोपाध्याय पांडुरंग वामन काणे याच उच्च न्यायालयात वकिली करत होते आणि १९३० ते १९६२ या बत्तीस वर्षांत त्यांनी धर्मशास्त्राच्या इतिहासाचे पाच खंड पुरे केले. कांगा आणि पालखीवाला यांचा प्राप्तिकरावरचा ग्रंथ १९५० चा. या सगळ्यांनी चालत्या वकिलीतून वेळ काढून ग्रंथ लिहिले. विद्यापीठांनी जे काम करायचे ते आपल्याकडे पुष्कळदा वकिलांच्या चेंबरमध्ये झाले आहे, आणि त्याची जेवढी दखल मराठी लेखनात घ्यायला हवी होती तेवढी आपण घेतलेली नाही.

१९५७ मध्ये सीरवाई तेव्हाच्या द्विभाषिक मुंबई राज्याचे महाधिवक्ता झाले. १ मे १९६० ला महाराष्ट्र झाला तेव्हा पद त्यांच्याकडेच होते, म्हणजे महाराष्ट्राचे पहिले महाधिवक्ता तेच. १९७४ पर्यंत, सतरा वर्षे, मुख्यमंत्री आणि सरकारे बदलत गेली, हा माणूस जागेवर राहिला. नानावटी खटल्यात राज्यपालांनी शिक्षा स्थगित केली आणि त्या आदेशावरून रण माजले, ते १९६० चे प्रकरण त्यांच्याच कारकिर्दीतले. राज्याच्या वतीने उभे राहायचे म्हणजे विधिमंडळाने केलेला कायदा टिकवायचा, कार्यकारी सत्तेचा अधिकार राखायचा. हे काम त्यांनी मन लावून केले, कारण त्यामागचा विचार त्यांना पटलेला होता. लोकांनी निवडलेल्या सभागृहाने कायदा करावा, न्यायाधीशाने तो घटनेच्या शब्दांवर घासून पाहावा, स्वतःच्या आवडीनिवडीवर नव्हे, अशी त्यांची धारणा होती.

याच काळात, १९६७ साली, मुंबईच्या एन. एम. त्रिपाठी या प्रकाशनाने त्यांचा ग्रंथ काढला, ‘कॉन्स्टिट्यूशनल लॉ ऑफ इंडिया’. उपशीर्षकात त्यांनी त्याला टीकात्मक भाष्य म्हटले होते आणि ते अक्षरशः खरे होते. घटनेवर पुस्तके त्याआधीही होती. दुर्गादास बसूंचे भाष्य तर घटनेबरोबरच जन्मले. पण बहुतेक पुस्तकांची रीत अशी, की अनुच्छेद द्यायचा, खाली निकाल नोंदवायचे, न्यायालयाने काय म्हटले ते सांगायचे. न्यायालयाने जे म्हटले ते बरोबर आहे का, हा प्रश्न सीरवाई पानोपानी विचारतात. निकालपत्रातला युक्तिवाद ते पायरीपायरीने लावतात, न्यायमूर्तींनी आधार म्हणून घेतलेला इंग्लिश किंवा ऑस्ट्रेलियन निवाडा स्वतः वाचून तो खरोखर तेच सांगतो का ते पाहतात, आणि सांगत नसेल तर न्यायमूर्तींचे नाव घेऊन तसे लिहितात. ज्या न्यायमूर्तींपुढे उद्या उभे राहायचे, त्यांच्याविषयी आज हे छापायचे. वकिलाच्या धंद्यात हे किती अवघड असते, ते न्यायालयाच्या वाऱ्याला उभे राहिलेल्या कुणालाही ठाऊक आहे. भाषा कधी कधी कडवट होते. एखाद्या चुकीची जेवढी दखल पुरे, त्याहून जास्त पाने ते तिच्यावर घालवतात. पण चूक दाखवताना मूळ उतारा वाचकापुढे ठेवायला ते चुकत नाहीत. त्यामुळे वाचकाला त्यांच्याशी असहमत होण्याचे साहित्यही त्यांच्याच पुस्तकात सापडते.

ग्रंथ निघाला त्याच वर्षी, फेब्रुवारी १९६७ मध्ये, गोलकनाथ खटल्याचा निकाल लागला. मूलभूत हक्कांना हात लावणारी घटनादुरुस्ती संसदेला करताच येणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने सहा विरुद्ध पाच मतांनी ठरवले. हा निकाल सीरवाईंना मान्य नव्हता. इंदिरा गांधींच्या सरकारने १९७१ च्या निवडणुकीनंतर चोविसावी, पंचविसावी आणि एकोणतिसावी घटनादुरुस्ती करून त्याला उत्तर दिले. केरळातल्या कासरगोडजवळच्या एडनीर मठाचे स्वामी केशवानंद भारती जमीन सुधारणा कायद्यांविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेलेले होते. त्यांच्या अर्जात आता या दुरुस्त्यांचा सगळा प्रश्न येऊन पडला. ३१ ऑक्टोबर १९७२ पासून तेरा न्यायमूर्तींपुढे सुनावणी सुरू झाली. एवढे मोठे पीठ आधीही कधी बसले नव्हते आणि नंतरही बसलेले नाही. स्वामींच्या बाजूने पालखीवाला, केरळ राज्याच्या बाजूने सीरवाई, केंद्राच्या बाजूने ॲटर्नी जनरल नीरेन डे. सीरवाईंच्या मदतीला तरुण टी. आर. अंध्यारुजिना होते. पुढे ते स्वतः महाराष्ट्राचे महाधिवक्ता आणि देशाचे सॉलिसिटर जनरल झाले, आणि २०११ साली त्यांनी या खटल्याची आतली हकीकत पुस्तकरूपाने लिहिली.

अडुसष्ट दिवस युक्तिवाद चालला. पालखीवालांचे म्हणणे असे, की घटनेने निर्माण केलेली संसद घटनेचा आत्माच नष्ट करू शकत नाही, दुरुस्तीच्या अधिकाराला काही अध्याहृत मर्यादा आहेत. सीरवाईंचे उत्तर घटनेच्या शब्दांना धरून होते. अनुच्छेद ३६८ मध्ये अशी मर्यादा कुठेही लिहिलेली नाही. घटनाकारांना ती घालायची असती तर त्यांनी घातली असती, जगातल्या काही घटनांत तशी कलमे आहेतही. मर्यादा अध्याहृत मानायची, तर ती किती आणि कोणती हे न्यायाधीश ठरवणार, आणि न्यायाधीशांना कोणी निवडून दिलेले नाही. संसद उद्या लोकशाहीच रद्द करील, निवडणुकाच बंद करील, अशी टोकाची उदाहरणे न्यायपीठाकडून येत होती. त्यावर उत्तर होते, की एखाद्या अधिकाराचा गैरवापर होऊ शकतो म्हणून तो अधिकारच नाही असे म्हणता येत नाही, आणि गैरवापराला आवर घालायला मतदार आहेत. प्रिव्ही कौन्सिलचे निवाडे, ऑस्ट्रेलिया, कॅनडा, आयर्लंड, सिलोन, सगळीकडचे दाखले न्यायालयात आले. मला या युक्तिवादाचे मोल फार वाटते. मूलभूत चौकटीचा सिद्धान्त आज आपल्या अंगवळणी पडला आहे, त्यामुळे त्याच्या विरोधात बोलणारा प्रत्येक जण सत्तेचा हस्तक असणार असे आपण धरून चालतो. सीरवाई तसे नव्हते. निवडून न आलेल्या तेरा माणसांनी निवडून आलेल्या शेकडोंना कुठवर अडवावे, हा त्यांचा प्रश्न लोकशाहीच्या बाजूचाच प्रश्न होता.

२४ एप्रिल १९७३ ला निकाल लागला. अकरा वेगवेगळी निकालपत्रे, सुमारे सातशे पाने, आणि सात विरुद्ध सहा. संसद घटनेच्या कोणत्याही भागात दुरुस्ती करू शकेल, पण घटनेची मूलभूत चौकट बदलू शकणार नाही. गोलकनाथ रद्द झाला, तेवढ्यापुरते सीरवाई जिंकले. बाकी एका मताने हरले. ते एक मत न्या. हंसराज खन्ना यांचे. अल्पमतातल्या सहा जणांमध्ये दोन मराठी माणसे होती, न्या. डी. जी. पाळेकर आणि पुण्याचे न्या. यशवंतराव चंद्रचूड. लगेच सरकारने बहुमतातल्या शेलत, हेगडे आणि ग्रोव्हर या तिघा ज्येष्ठांना डावलून अल्पमतातल्या अजितनाथ राय यांना सरन्यायाधीश केले.

पुढच्या वर्षी सीरवाईंनी महाधिवक्तापद सोडले आणि ते दुसऱ्या आवृत्तीकडे वळले. तिचा पहिला खंड १९७५ मध्ये आला. तेच वर्ष त्यांच्या जुन्या युक्तिवादाची परीक्षा घेणारे ठरले. १२ जूनला अलाहाबाद उच्च न्यायालयाच्या न्या. जगमोहनलाल सिन्हांनी इंदिरा गांधींची निवड रद्द केली. २५ जूनच्या रात्री आणीबाणी आली. पंतप्रधानांच्या अपिलाची सुनावणी ११ ऑगस्टला ठरली होती. ७ ऑगस्टला एकोणचाळिसावी घटनादुरुस्ती लोकसभेत मांडली गेली आणि त्याच दिवशी मंजूर झाली. दुसऱ्या दिवशी राज्यसभा, तिसऱ्या दिवशी राज्यांच्या विधानसभा, चौथ्या दिवशी राष्ट्रपतींची सही. पंतप्रधानांची निवड कोणत्याही न्यायालयात तपासता येणार नाही आणि उच्च न्यायालयाने दिलेला निकाल मुळात नव्हताच असे धरावे, अशी ही दुरुस्ती. पंतप्रधानांवर पदावर येण्यापूर्वीच्या कृत्यांसाठीही कधी फौजदारी कारवाई होऊ नये, असे आणखी एक विधेयक त्याच महिन्यात राज्यसभेने मंजूर केले. ते लोकसभेत कधी गेले नाही, इतकेच. विरोधी पक्षांचे नेते तुरुंगात होते. वर्तमानपत्रांवर सेन्सॉर बसलेला होता. मतदार आवर घालील असे म्हणावे, तर त्या मतदाराला बोलायला जागा उरली नव्हती.

७ नोव्हेंबर १९७५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने इंदिरा गांधींची निवड कायम ठेवली, पण त्या दुरुस्तीतले मुख्य कलम रद्द केले. आणि ते रद्द करताना केशवानंद भारतीच्या निकालाचा आधार घ्यावा लागला. निकाल देणाऱ्या पाच न्यायमूर्तींपैकी चार जण दोन वर्षांपूर्वी केशवानंदमध्ये अल्पमतात होते. म्हणजे ज्यांनी मूलभूत चौकट नाकारली होती, त्यांनाच आता तिच्यावाचून दुसरे हत्यार हाती सापडेना. तीनच दिवसांनी सरन्यायाधीश राय यांनी केशवानंदचा फेरविचार करायला तेरा न्यायमूर्तींचे पीठ बसवले. पालखीवालांनी त्याला कडाडून विरोध केला आणि दोन दिवसांत ते पीठ गुंडाळले गेले.

हे सगळे सीरवाईंनी लेखकाच्या मेजावरून पाहिले. आणि आणीबाणीनंतर ग्रंथाची पुढची आवृत्ती निघाली, तेव्हा त्यांनी मूलभूत चौकटीचा सिद्धान्त स्वीकारला पाहिजे असा निष्कर्ष लिहिला. तेरा न्यायमूर्तींपुढे दिवसचे दिवस जिच्या विरोधात बोलले, ती बाजू बरोबर होती असे त्यांनी स्वतःच्या नावावर, स्वतःच्या ग्रंथात नोंदवले. त्यांना हे करायला कोणी भाग पाडले नव्हते. वकिलाने अशिलासाठी मांडलेले मत त्याचे स्वतःचे असतेच असे नाही, ही सबब त्यांना सहज घेता आली असती, आणि ती घेतली असती तर कोणी बोट दाखवले नसते. पण केरळसाठी त्यांनी जे मांडले ते त्यांना पटलेलेच होते, म्हणून माघारही त्यांनी उघड घेतली. मला वाटते, यात त्यांच्या पद्धतीचा हात मोठा आहे. पंधरा वर्षे ते न्यायमूर्तींना विचारत आले होते, की तुम्ही मागच्या खटल्यात हे म्हटले होते, मग आता ते कुठे गेले? तोच प्रश्न आपल्या पानांना विचारण्यापासून त्यांची सुटका नव्हती. टोकाचे उदाहरण म्हणून न्यायालयात जे बाजूला सारले गेले, ते चार दिवसांत कायदा होऊन पुढे आले होते. पुराव्यापुढे मत बदलणारा माणूस आपल्या सार्वजनिक जीवनात किती दुर्मीळ आहे! त्यातून तो विद्वान असेल, तर आणखी दुर्मीळ.

पण आणीबाणीतल्या ज्या निकालाने सीरवाईंना सर्वांत खोल जखम केली तो वेगळाच होता. २७ जून १९७५ च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुच्छेद १४, २१ आणि २२ खालच्या हक्कांसाठी न्यायालयात दाद मागायचे थांबवले होते. तरीही मिसा या स्थानबद्धतेच्या कायद्याखाली डांबलेल्यांचे अर्ज ऐकता येतात, अटक कायद्यानुसार झाली आहे एवढे तरी आम्ही पाहू, असे नऊ उच्च न्यायालयांनी म्हटले. कर्नाटकात अडवाणी आणि आपले मधू दंडवते यांचेही अर्ज होते. मुंबई उच्च न्यायालयाने त्या दिवसांत ताठ कणा दाखवला. न्या. छगला यांचे भाषण ठेवलेल्या वकिलांच्या सभेवर पोलीस आयुक्तांनी बंदी घातली, ती न्या. तुळजापूरकरांनी उठवली. मिनू मसानींच्या ‘फ्रीडम फर्स्ट’ मासिकावरची सेन्सॉरशिप न्या. मादन यांनी कायद्याच्या चौकटीत आणून ठेवली. आणि मग २८ एप्रिल १९७६ रोजी, या निकालांविरुद्ध केलेल्या जबलपूरच्या अपिलात, सर्वोच्च न्यायालयाने चार विरुद्ध एक मतांनी हे दार बंद केले. अटक बेकायदा असो, आकसाने केलेली असो, आणीबाणी असेपर्यंत न्यायालय विचारणार नाही. पोलिसाने वैयक्तिक वैरातून एखाद्याला ठार मारले तरी दाद नाही का, या न्या. खन्नांच्या प्रश्नाला ॲटर्नी जनरलनी होय असेच उत्तर दिले होते. खन्ना एकटे विरोधात राहिले आणि पुढच्या जानेवारीत त्यांचे सरन्यायाधीशपद हुकले.

१९७८ मध्ये सीरवाईंनी या एका निकालावर स्वतंत्र पुस्तक लिहिले. त्यांनी राग लपवला नाही, पण पुस्तक उभे आहे ते तर्कावर. राष्ट्रपतींचा आदेश एखादा हक्क बजावण्याची वाट तात्पुरती बंद करतो, बेकायदा अटक त्याने कायदेशीर होत नाही. उच्च न्यायालयाला अनुच्छेद २२६ ने अधिकार दिलेले आहेत आणि अधिकाऱ्याला, तू हे कोणत्या कायद्याने केलेस, असे विचारणे हा त्या अधिकाराचा गाभा आहे. माणसाच्या जगण्याचा हक्क काही अनुच्छेद २१ ने जन्माला घातला नाही. घटना नव्हती तेव्हाही या देशात कुणाला कायद्याच्या आधाराशिवाय कोंडता येत नव्हते. १९४१ च्या लिव्हरसिज खटल्यात, बॉम्ब पडत असताना, लॉर्ड ॲटकिन यांनी एकट्याने नोंदवलेले विरोधी मत इंग्लंडने नंतर आपले मानले, मग आपण बहुमताचे मत का उचलले, असा त्यांचा सवाल होता. उच्च न्यायालयांच्या त्या निकालांविषयी त्यांनी जे लिहिले त्यात उघड अभिमान आहे. सर्वोच्च न्यायालयाविषयी लिहिताना त्यांनी चारही न्यायमूर्तींची निकालपत्रे वेगवेगळी घेतली आणि कुणालाही झुकते माप दिले नाही. पुस्तक आले तेव्हा चौघांपैकी एक, चंद्रचूड, सरन्यायाधीशपदी होते आणि सीरवाईंची वकिली चालूच होती. त्या चौघांतल्याच न्या. भगवतींवर तर ते पुढेही कठोर राहिले. १९८० साली इंदिरा गांधी पुन्हा सत्तेवर आल्यावर भगवतींनी त्यांना अभिनंदनाचे पत्र लिहिले, ते न्यायमूर्तीच्या पदाला शोभणारे नव्हते, यात सीरवाईंना तिळमात्र शंका नव्हती.

ऐंशीच्या दशकात ते असेच लिहीत राहिले. तिसरी आवृत्ती १९८३ पासून खंडाखंडाने निघाली. त्यातच एक वेगळे प्रकरण वाढत गेले. भारताच्या घटनेचा इतिहास लिहायला बसले की फाळणी टाळता येत नाही, आणि ब्रिटिश सरकारने १९७० ते १९८३ या काळात सत्तांतराची कागदपत्रे बारा खंडांत छापली होती. ती वाचून सीरवाईंनी ठरीव कथा पुन्हा तपासायला घेतली. १९८९ मध्ये तो भाग ‘पार्टिशन ऑफ इंडिया : लीजंड अँड रिॲलिटी’ या नावाने स्वतंत्र पुस्तक झाला. फाळणीचा दोष एकट्या जीनांच्या माथी मारता येत नाही, काँग्रेसच्या नेत्यांचे आणि ब्रिटिशांचे निर्णयही तितकेच कारण झाले, असा त्याचा रोख आहे. मे १९४६ ची कॅबिनेट मिशनची योजना मुस्लिम लीगने आधी स्वीकारली होती. १० जुलैला नेहरूंनी मुंबईतच पत्रकार परिषद घेऊन, घटना समितीत आम्ही कशानेही बांधलेले नाही, अशा अर्थाचे विधान केले आणि महिनाअखेर लीगने स्वीकृती मागे घेतली. हे पुस्तक वादग्रस्त ठरले, ते साहजिक होते. माझा स्वतःचा आक्षेप निष्कर्षावर नाही, साधनावर आहे. सीरवाई पत्रे, मसुदे, मुलाखतींचे वृत्तान्त साक्षीपुराव्यासारखे तोलतात आणि त्यांतून कोण कुठे शब्दाला जागले नाही ते काढतात. पण पंजाबात आणि बंगालात खेड्यापाड्यांत जे साठत गेले होते, त्याची नोंद व्हाइसरॉयच्या फायलीत थोडीच असते. तरी मूळ कागद वाचायला लावणारे पुस्तक म्हणून त्याचे महत्त्व राहते.

मान त्यांना भरपूर मिळाला. १९७२ मध्ये पद्मविभूषण, १९९४ मध्ये आंतरराष्ट्रीय बार असोसिएशनचा गौरव. पण त्या वयातही त्यांचे खरे लक्ष चौथ्या आवृत्तीवर होते. पहिला खंड १९९१, दुसरा १९९३. त्या वर्षी ऑक्टोबरात सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी न्यायाधीश नेमण्याचा निर्णायक अधिकार सरन्यायाधीश आणि त्यांच्या ज्येष्ठ सहकाऱ्यांकडे खेचून घेतला. कॉलेजियमची पद्धत तिथून सुरू झाली. आणीबाणीत न्यायमूर्तींच्या बदल्यांना आणि डावलण्याला विरोध केलेला माणूस या निकालावर खूश होईल, असे कुणाला वाटले असेल तर ते चुकले. घटनेने राष्ट्रपतींना सल्लामसलत करायला सांगितले आहे, संमती घ्यायला सांगितलेले नाही, आणि न्यायाधीशांनी आपल्या सोयीसाठीही घटनेचे शब्द वाकवू नयेत, असे त्यांनी ठणकावले. सत्तरच्या दशकातले आणि नव्वदच्या दशकातले सीरवाई इथे एकच आहेत. मूलभूत चौकट स्वीकारल्यावरही न्यायालयाला लगाम हवा, हा त्यांचा जुना आग्रह सैल झाला नव्हता.

२६ जानेवारी १९९६ रोजी ते गेले. नव्वदीला काही महिने उरले होते. चौथ्या आवृत्तीचा तिसरा आणि शेवटचा खंड त्याच वर्षी आला. त्यांच्या पत्नी फिरोजा सीरवाई यांनी २००५ साली त्यांच्यावर पुस्तक लिहिले. चौथी आवृत्ती अजूनही छापली जाते, न्यायालयांत अजूनही दाखवली जाते, जरी तिच्यानंतर पंचवीसहून अधिक घटनादुरुस्त्या आणि असंख्य निकाल होऊन गेले आहेत.

जबलपूरच्या निकालाविषयी त्यांनी १९७८ मध्ये जे मांडले, ते सर्वोच्च न्यायालयाने अधिकृतपणे मानायला २४ ऑगस्ट २०१७ उजाडावा लागला. खासगीपणाच्या हक्काच्या खटल्यात नऊ न्यायमूर्तींनी तो निकाल चुकीचा ठरवून रद्द केला, आणि मुख्य निकालपत्र लिहिणारे न्या. धनंजय चंद्रचूड हे १९७६ च्या बहुमतातल्या न्या. यशवंतराव चंद्रचूड यांचे पुत्र. जगण्याचा हक्क घटनेने बहाल केलेला नाही, तो माणसाचा आधीपासूनचा आहे, हे त्या निकालपत्रात स्पष्ट लिहिले गेले. न्यायाधीशांच्या नेमणुकीबाबत मात्र उलट झाले. १६ ऑक्टोबर २०१५ ला सर्वोच्च न्यायालयाने न्यायिक नियुक्ती आयोगाची घटनादुरुस्ती रद्द करून कॉलेजियम कायम ठेवले, आणि ते करताना आधार घेतला मूलभूत चौकटीचा. सीरवाईंनी स्वीकारलेल्या सिद्धान्तावरच त्यांनी नाकारलेली पद्धत आज उभी आहे, आणि तिच्याविरुद्धचा त्यांचा युक्तिवाद चौथ्या आवृत्तीच्या तिसऱ्या खंडात ज्याला हवा त्याला वाचता येतो.